अर्धसत्य ते लाइन ऑफ ड्यूटी : सडलेल्या पोलीस ठाण्याच्या गोष्टी जुन्या का होत नाहीत?

रात्रपाळी

अर्धसत्य आला १९८३ मध्ये. चाळीस वर्षं उलटून गेली, त्यातली मुंबई गेली, डायल फिरवायचे फोन गेले, पण आजही कुठे लागलेला असला की मधून उठवत नाही. आणि हे त्या एका सिनेमाचं नाही. सर्पिको १९७३ चा, न्यूयॉर्कचा, तिथल्या एकाही गल्लीशी आपला संबंध नाही तरी बघताना परका वाटत नाही. ब्रिटिशांची लाइन ऑफ ड्यूटी, बाल्टिमोरची द वायर, तमिळ विसारणै. साध्या खुनाच्या मालिका आपण बघतो आणि विसरतो, खुनी कळला की विषय संपला. पोलीसच खाणारे असले की ती गोष्ट डोक्यातून जात नाही. बरेच दिवस मनात घोळत होतं म्हणून धागा काढतेय.

माझं म्हणणं असं आहे की या गोष्टींत पैसे कोण खातो ही उत्सुकता फार टिकतच नाही, ते सुरुवातीलाच कळलेलं असतं. खरी उत्सुकता असते की ज्याला हे कळलंय त्याने आता जायचं कुठे. घरी चोरी झाली तर आपण पोलिसात जातो, पण चोर तिथेच बसलेला असेल तर?

सर्पिको खराच होता, फ्रँक सर्पिको, साध्या वेशातला पोलीस. त्याच्या हातात एक पाकीट पडलं, आत ३०० डॉलर. तो ते घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडे गेला, तिथून आणखी वर, मग मेयरच्या ऑफिसपर्यंत प्रकरण नेलं, सगळीकडे ऐकून घेतलं आणि कोणी काही केलं नाही. शेवटी एप्रिल १९७० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली तेव्हा कुठे पोलिसांच्या खाण्याची चौकशी करायला नॅप कमिशन बसलं. फेब्रुवारी १९७१ मध्ये ड्रग्जच्या धाडीत त्याच्या तोंडावर गोळी लागली. अल पचिनोच्या सिनेमात सगळ्यात अस्वस्थ करतं ते या दारांवरून त्या दारांवर जाणं. गोळी नंतर येते.

अर्धसत्यमध्ये तेच एका फोनमध्ये बसवलंय. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टी या गुंडाला पकडायला जातो, शेट्टी शांतपणे वर कुणाला तरी फोन लावतो, आणि वेलणकर आपली माणसं घेऊन परत फिरतो. मारामारी नाही, बंदूक नाही. ओम पुरीचा त्या वेळचा चेहरा मी विसरू शकत नाही. शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांचा हिंदीतला हा पहिला मोठा रोल, मराठी रंगभूमीवरून आलेला माणूस, आणि आवाज न चढवता काय भीती घालतात! गोष्ट मुळात श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, त्यामुळे सिनेमा हिंदी असला तरी हाडं मराठी आहेत असं मला कायम वाटतं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

बोरीबंदर

धागा आवडला पण मुद्दा पूर्ण पटला नाही. ताई, तुम्ही त्या फोनच्या सीनवर थांबताय, पब्लिक थांबतं शेवटच्या सीनवर. वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो. मी हा सिनेमा लोकांबरोबर बसून बघितलाय आणि तिथे टाळ्या पडतात. हेच खरं आकर्षण आहे. व्यवस्था सडलेली आहे असं आधी दोन तास दाखवायचं, आपल्याला पुरतं चिडवायचं, आणि मग वर्दीतल्या माणसाला मारायची मोकळीक द्यायची. याच मुळातून पुढे एन्काउंटरवाले हीरो आले. २००४ चा अब तक छप्पन बघा, मग गेल्या पंधरा वर्षांतले ते गाड्या उडवणारे पोलीस बघा. कोर्ट कामाचं नाही, कायदा कामाचा नाही, साहेबच न्याय करणार. भ्रष्टाचाराची गोष्ट हे त्याचं निमित्त झालंय. मला याची काळजी वाटते, कारण चिडलेल्या माणसाला असली गोष्ट फार लवकर पटते.

पोलीस_लाइन

आमचं लहानपण पोलीस लाइनीत गेलं, वडील हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे थोडं आतलं लिहितो. ठाण्याचं नाव लिहिणार नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की नवीन माणूस आला की त्याला बाजूला घेऊन सांगतात घे रे पैसे. तसं काही नसतं. वडिलांना कोणी कधीच घ्या म्हणालं नाही. उलट त्यांच्यासमोर तो विषयच निघायचा नाही. महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत कलेक्शन बघणारा शिपाई फिरून यायचा, तेव्हा वडिलांना नेमकं कुठेतरी बंदोबस्ताला पाठवलेलं असायचं. माणूस चांगला आहे पण आपला नाही, एवढं एकमेकांत ठरलेलं. मग गणपतीचा बंदोबस्त, इलेक्शनचा बंदोबस्त, मंत्री येणार म्हणून पहाटेपासून रस्त्यावर उभं राहणं, सणाची रजा नामंजूर, नाइट ड्युटी मागून नाइट ड्युटी. शिक्षा म्हणून कागदावर एक ओळ नाही. तक्रार करायची तर कशाची करणार, बंदोबस्ताला पाठवलं याची?

आणि ते स्वतः घेत नसले तरी कोण घेतो हे त्यांना माहीत होतंच. घरी आले की बोलायचे नाहीत. आई विचारायची, ते जेवायचे आणि झोपायचे. म्हणून मला या सिनेमांत खाणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस बघावासा वाटतो. अर्धसत्यमध्ये शफी इनामदारचा हैदर अली आहे ना, तो वाईट नाही, वेलणकरवर माया करतो, अडचणीत मदत करतो, आणि प्रत्येक वेळी त्याला समजावतो की बाबा रे इथे असंच चालतं. असे हैदर अली आमच्या लाइनीत पुष्कळ होते. दिवाळीला फराळ घेऊन घरी यायचे.

रात्रपाळी

पोलीस_लाइन, फार मोलाचं लिहिलंत. तुमच्या वडिलांबद्दल वाचून मला नॅप कमिशनच्या रिपोर्टातली एक गोष्ट आठवली ती सांगतेच. १९७२ चा रिपोर्ट. न्यूयॉर्कमध्ये साध्या वेशातल्या पोलिसांचा जुगाराच्या अड्ड्यांवर महिन्याचा हप्ता बांधलेला होता आणि प्रत्येकाचा वाटा ठरलेला, मिडटाउन मॅनहॅटनमध्ये माणशी ३००-४०० डॉलर, हार्लेममध्ये १५०० पर्यंत. आता पुढचं बघा. नवीन माणूस आला की साधारण दोन महिने त्याला वाटा मिळायचा नाही, तो भरवशाचा आहे का ते तोवर बघायचे. पण त्याचं नुकसान होऊ द्यायचे नाहीत, बदली होऊन जाताना ते दोन महिन्यांचे पैसे हिशोबाने हातात द्यायचे! म्हणजे चोरीच्या पैशाला सर्व्हिस रूल होते, आणि कुठल्याही सरकारी ऑफिसपेक्षा जास्त काटेकोर पाळलेले.

त्याच रिपोर्टात त्यांनी खाणाऱ्यांचे दोन प्रकार केलेत, मांस खाणारे म्हणजे सावज शोधून ओरबाडणारे, आणि गवत खाणारे म्हणजे समोर येईल तेवढं गुपचूप घेणारे. आणि कमिशनचं म्हणणं की जास्त धोका गवत खाणाऱ्यांचा, कारण ते संख्येने एवढे असतात की त्यांच्यामुळे खाणं ही रीतच होऊन बसते आणि जो सांगायला जातो तो गद्दार ठरतो. हैदर अलीचा मुद्दा इथेच येतो.

बोरीबंदर, तुमच्या टाळ्यांचं उत्तर देते, पण थोडं थांबून. तो मुद्दा वजनदार आहे.

वऱ्हाडी_माणूस

मले त विसारणै पाहून रातभर झोप नाही आली भौ. चार तमिळ पोट्टे आंध्रात, गुंटूरले मजुरी कराले गेलेले, रात्री पार्कात झोपत. एका मोठ्या घरची चोरी झाली, पोलिसायनं यायले उचललं आन कबूल करा म्हणून नुसतं झोडपलं. काऊन? त वरून दबाव होता, केस निकाली काढाची होती, बस. पैशाचा संबंधच नाही त्यात. आन हे घडलेलं हाय, कोइम्बतूरचा एक ऑटोवाला, चंद्रकुमार, त्याच्यावर बितलं, त्यानं पुस्तक लिहिलं, त्याच्यावर वेत्रीमारननं सिनेमा काढला. पैसे खाल्ले तरच भ्रष्टाचार असं नसते, एवढंच म्हणतो.

कुंदकळी

वऱ्हाडी_माणूस यांच्याशी शंभर टक्के सहमत आणि तिथूनच पुढे जाते. द वायर मला सगळ्यात खरी का वाटते, तर त्यात पाकिटं फार कमी आहेत. पाच सीझन, २००२ ते २००८, लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड सायमन आधी बाल्टिमोरच्या पेपरात क्राइम रिपोर्टर आणि एड बर्न्स त्याच शहरात डिटेक्टिव्ह. त्यांनी दाखवलं ते आकड्यांचं सडणं. वरून आदेश येतो गुन्हे कमी झाले पाहिजेत, मग खालचे गुन्हे कमी करत नाहीत, नोंदी कमी करतात, मोठ्या गुन्ह्याला लहान कलम लावतात. हे बघताना मला बाल्टिमोर दिसत नव्हतं. मोबाइल किंवा गळ्यातलं चोरीला गेलं म्हणून आपल्याकडे कोणी ठाण्यात गेलंय का? हरवलं असं लिहून द्या म्हणतात. मारहाण झाली तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतो म्हणतात, आणि एनसी घेऊन आपण घरी येतो, काहीतरी लिहून घेतलं या समाधानात. यात कोणी आपल्याकडून रुपया घेतलेला नसतो. आमच्या ओळखीच्या एका मुलीला पाठलाग करणाऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची होती, तिला तीन वेळा चहा पाजून परत पाठवलं.

दुसरं, अर्धसत्यबद्दल. सगळे शेट्टीबद्दल बोलतात, मला वेलणकरचं घर जास्त महत्त्वाचं वाटतं. अमरीश पुरींनी केलेला त्याचा बाप, तोही पोलीस खात्यातला, बायकोला मारायचा. पोरगा लहानपणी बघत उभा राहायचा, काही करू शकायचा नाही. रात्रपाळी, तुम्ही म्हणता तक्रार घेऊन जायचं कुठे, तर त्या आईने कुठे जायचं होतं? तिच्या घरातच वर्दी खुंटीला टांगलेली होती. तेंडुलकरांनी आणि दिग्दर्शक निहलानींनी हे दोन धागे एकत्र विणलेत म्हणून हा सिनेमा नुसता गुंड आणि पोलीस असा होत नाही. जो मुलगा घरात बघत उभा राहिला तोच मोठेपणी लॉकअपमध्ये हात चालवतो.

संध्या सुरींचा २०२४ चा संतोष कोणाला बघायला मिळाला का? नवरा कॉन्स्टेबल, तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर बायकोला नोकरी लागते. भारतात सेन्सॉरने अडवला. ब्रिटनने मात्र ऑस्करला पाठवला. त्यात जात आहे, बाईपण आहे, आणि वर्दी अंगावर आल्यावर पहिल्यांदाच लोक घाबरतात याचं तिला वाटणारं बरंही आहे. ते बरं वाटणं दाखवायला हिंमत लागते.

थेम्सकाठ

इकडे लंडनजवळ राहतो म्हणून लाइन ऑफ ड्यूटीबद्दल लिहितो. २०१२ ला सुरू झाली, २०२१ मध्ये सहाव्या सीझनचा शेवटचा भाग. त्या रविवारी सव्वा कोटीच्या वर लोक एकाच वेळी टीव्हीसमोर होते, ओटीटीच्या जमान्यात! ऑफिसात सोमवारी दुसरा विषय नाही.

मालिका पोलिसांची चौकशी करणाऱ्या पोलिसांची, एसी-१२ नावाचं युनिट. यातली खरी मजा धावपळीत नाही, खोलीत बसून होणाऱ्या चौकशीत आहे. वीस वीस मिनिटं एक टेबल, टेपचा लांबलचक बीप, फोल्डरमधले फोटो नंबर सांगून पुढे सरकवायचे, आणि आरोपी अधिकारी म्हणतो माझी चौकशी माझ्यापेक्षा एक हुद्दा तरी वरच्या अधिकाऱ्यानेच केली पाहिजे. नियम सगळे पाळले जातात आणि त्याच नियमांच्या आडून लपलंही जातं. मला वाटतं आपल्या लोकांना ही मालिका आवडायचं कारण हेच, आपल्याला फायलीची भाषा कळते.

(पुढे शेवट फोडतोय, बघायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) नंतरचे सगळे सीझन एक प्रश्न चालतो की पोलिसांतला सूत्रधार कोण, ज्याला ते 'एच' म्हणतात. लोकांनी कमिशनरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. आणि निघाला कोण, तर बकल्स, एक आळशी, ढ, मधल्या फळीतला अधिकारी, जो आलेले आदेश पुढे सरकवत होता. लोक भडकले. मला वाटतं लेखक जेड मर्क्युरिओने अगदी बरोबर केलं. राक्षस सापडला असता तर तो मारून आपण मोकळे झालो असतो. इथे कळलं की अशा माणसाला बढत्या मिळत गेल्या कारण तो कोणाला नडत नव्हता.

आणि हे काही कल्पनेतलं नाही. १९८७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये डॅनियल मॉर्गन या खाजगी डिटेक्टिव्हचा पबच्या पार्किंगमध्ये कुऱ्हाडीने खून झाला. आजवर एकालाही शिक्षा नाही. २०२१ च्या जूनमध्ये, म्हणजे तो सीझन संपल्यावर साधारण दीड महिन्यात, स्वतंत्र पॅनेलचा रिपोर्ट आला, त्यात लंडन पोलिसांसाठी संस्थात्मक भ्रष्टाचार असाच शब्द वापरला, कारण स्वतःची अब्रू वाचवायला खात्याने आपल्या चुका लपवल्या. त्याच्या घरच्यांनी चौतीस वर्षं हे लावून धरलं. ते दारोदार जाणं रात्रपाळीताई म्हणतात तसंच.

बोरीबंदर

बकल्सबद्दल पटलं. पण मग माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. राक्षस नाही मिळाला म्हणून लोक भडकले, म्हणजे लोकांना राक्षसच हवा होता. शेट्टीचा गळा दाबल्यावर मिळतं ते समाधान हवं होतं. मग या गोष्टींनी लोकांना शहाणं केलं की फक्त चटक लावली? आपल्याकडे तर चटकच लागलेली दिसते. कुठे एन्काउंटर झालं की पोलिसांवर फुलं उधळणारे लोक आपण बघितलेत, आणि तेच लोक भ्रष्ट पोलिसांचे सिनेमे आवडीने बघणारे आहेत.

पोलीस_लाइन

बोरीबंदर, टाळ्यांबद्दल एक सांगतो. आमच्या लाइनीत हा सिनेमा टीव्हीवर लागला की सगळे जमायचे, आणि तिथे शेवटाला टाळ्या पडायच्या नाहीत. कारण वेलणकर पुढे काय करतो, तर ठाण्यात जाऊन स्वतःला हजर करतो. लाइनीतल्या माणसांना पुढचं सगळं दिसायचं. फिर्याद घेणार कोण, ठाणे अंमलदार. पंचनामा करणार त्याचेच सोबती. वेलणकरच्या माराने लॉकअपमध्ये मेलेल्या त्या रेडिओचोराची केस ज्यांनी कशी मिटवायची याचा विचार केला, तेच आता साहेबाच्या हातात बेड्या घालणार. आणि बायका विचारायच्या, आता क्वार्टर सोडावं लागेल का, पेन्शनचं काय. हे लोक गुंडाच्या बाजूचे नव्हते, पण त्यांना माहीत होतं की शेट्टीच्या जागी उद्या दुसरा येईल आणि कलेक्शनचा शिपाई तोच राहील.

रात्रपाळी

बोरीबंदर, उशिरा का होईना उत्तर देते. टाळ्या पडतात हे खरं आहे आणि तुमची काळजीही खरी आहे. पण सिनेमाने तुम्हाला तो गळा सुखासुखी दिलेला नाही. त्याच्या आधी वेलणकरनेच एका फालतू रेडिओचोराचा मारून मारून जीव घेतलाय. हात तेच आहेत. आणि शेट्टीकडे तो न्याय करायला गेलेला नसतो, स्वतःला वाचवायची भीक मागायला गेलेला असतो. गाड्या उडवणाऱ्या सिनेमांनी हा चोर कापून टाकला आणि फक्त गळा ठेवला. एन्काउंटरवाल्या हीरोच्या सिनेमात लॉकअपमध्ये चुकून मेलेला गरीब माणूस कधी बघितलाय? तो आला की टाळ्या थांबतात, म्हणून तो येत नाही. माझ्यासाठी चांगली आणि वाईट गोष्ट ओळखायची खूण हीच झालीय.

दारांचं म्हणाल तर कागदावर दारं आहेत. पोलीस सुधारणांसाठी धर्मवीर आयोग १९७७ मध्ये बसला, १९८१ पर्यंत आठ रिपोर्ट दिले, ते पडून राहिले. मग प्रकाश सिंग हे स्वतः डीजीपी राहिलेले गृहस्थ १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि २००६ मध्ये निकाल लागला, सात निर्देश, त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून त्याची तरतूद केली. तुमच्या ओळखीत किती जणांना हे प्राधिकरण आहे हे ठाऊक आहे, विचारून बघा. मी विचारलं, वकील सोडून कोणाला माहीत नव्हतं. एवढ्या मालिका आल्या, पण अशा प्राधिकरणापुढे अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसावर मराठीत एक मालिका का नसावी? थेम्सकाठ म्हणतात तशी, एक खोली, एक टेबल. बजेटही लागणार नाही.

आणि ज्यांना सर्पिको आवडलाय त्यांनी त्याच दिग्दर्शकाचा, सिडनी ल्युमेटचा, १९८१ चा प्रिन्स ऑफ द सिटी जरूर बघा. पावणेतीन तासांचा आहे, धीर धरा. सर्पिकोत नायक स्वच्छ होता. इथला डिटेक्टिव्ह स्वतः खाल्लेला आहे, सरकारी साक्षीदार होतो, एकच अट घालतो की माझ्या पार्टनरांची नावं घेणार नाही, आणि मग वकील एकेक करून ती नावं त्याच्याकडून काढून घेतात. शेवटी तो नव्या पोलिसांना शिकवायला उभा राहतो आणि नाव कळताच एक शिकाऊ पोलीस वर्गातून उठून जातो. मला तो उठून जाणारा पोरगा चूक वाटतो, घरी सगळ्यांना बरोबर वाटतो. ज्यांनी बघितलाय त्यांनी लिहा, या एका मुद्द्यावर मला भांडायचंय.